नेम दंडात नसतो, सरावात असतो



लगोरीचा डाव रंगलेला असतो. मुलीच्या हातात चेंडू येतो आणि कोणीतरी म्हणतं, “तिला कशाला देतोस? मुलींचा नेम लागत नाही.” दोनचारदा असं ऐकलं की मुलगी आपणहून बाजूला होते. हे बोलणं कितपत खरं आहे, ते आज पाहू या. त्यासाठी आधी हे समजून घ्यायला हवं, की हात खांद्यावरून आणून आपण चेंडू फेकतो तेव्हा शरीरात काय घडतं.

फेक हातापासून सुरू होत नाही, पायापासून होते. उजव्या हाताने फेकायचं तर डावा पाय पुढे पडतो. मग कंबर वळते, तिच्यामागून छाती, मग खांदा, कोपर, मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. प्रत्येक जण आपला वेग पुढच्याच्या हवाली करतो. आसूड ओढताना मूठ थोडीशीच हलते, पण टोकाला कडाका उडतो ना, तसंच हे. म्हणून नुसत्या कोपरातून फेकलेला चेंडू जवळच पडतो.

झाला हा जोराचा भाग. नेमाचं काय? नेम ठरतो चेंडू सोडण्याच्या क्षणावर. हात पुढे येताना वाकड्या वाटेने फिरत असतो. बोटं जरा लवकर उघडली तर चेंडू वरून जातो, जरा उशिरा उघडली तर पुढ्यात आपटतो. ही ‘जरा’ किती? चेंडू ताशी ५४ किलोमीटर वेगाने सुटत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात हात दीड सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. पापणी लवायला याच्या शंभरपटीहून जास्त वेळ लागतो! म्हणजे बोटं उघडण्याचा क्षण सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत साधावा लागतो.

पोळी लाटताना कड जाड दिसली, की हात आपोआप तिकडे वळतो. डोळा सांगतो, हात सुधारतो. फेकताना एवढी सवड नसते. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूपर्यंत जाऊन तिथून हाताला हुकूम येईपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. तोवर चेंडू हातातून सुटलेला असतो. म्हणून मेंदू सगळा बेत आधीच आखून पाठवतो: कोणता स्नायू कधी ओढायचा, बोटं कधी उघडायची. वेगाने पुढे जाताना चेंडू बोटांना मागे रेटतो. तो रेटा किती असेल याचाही अंदाज मेंदू आधी बांधतो आणि बोटं तेवढीच घट्ट ठेवतो.

हा अंदाज बांधण्यात डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. शास्त्रज्ञांनी त्याची एक छान परीक्षा घेतली आहे. समोरचं सगळं एका बाजूला सरकलेलं दिसेल असा लोलकाचा चष्मा लावून माणसांना नेम धरायला सांगितलं. आधी नेम त्या बाजूला चुकला. पण फेकता फेकता हळूहळू जमू लागला. मग चष्मा काढला, तर नेम उलट्या बाजूला चुकला! म्हणजे मेंदूने नवा हिशेब पक्का केला होता. ज्यांच्या लहान मेंदूला इजा झाली होती, त्यांच्यातल्या अनेकांना मात्र हे जुळवून घेणं जमलं नाही. चुकलेली प्रत्येक फेक लहान मेंदूला काही ना काही शिकवते, ते असं.

आता मुलींकडे येऊ. घरी एक प्रयोग करा. चांगला नेम असलेल्या, उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलाला डाव्या हाताने चेंडू फेकायला सांगा. त्याचा डावा हात काही फार दुबळा नसतो, तरी फेक अगदी नवख्यासारखी पडते. कारण त्या हाताने कधी फेकलेलंच नसतं. वयात आल्यावर मुलांच्या अंगात ताकद जास्त येते, हात लांब होतात, त्यामुळे त्यांचा चेंडू जोरात जातो, हे खरं. पण नेम म्हणजे ताकद नव्हे. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभ्या राहणाऱ्या बायका गोफण चालवतात, तेव्हा दोरीचं एक टोक कोणत्या क्षणी सोडायचं ते त्यांना कोणी वर्गात शिकवलेलं नसतं. रोजच्या रोज फिरवून ते हातात बसलेलं असतं.

तेव्हा लेकीला शिकवायचं ते असं. लक्ष्याकडे एक खांदा करून आडवं उभं राहायचं. फेकणाऱ्या हाताच्या उलट बाजूचा पाय पुढे टाकायचा. कोपर खांद्याच्या उंचीला आणायचं. नजर लक्ष्यावर ठेवायची. चेंडू सुटल्यावर हात तिथेच न थांबवता पुढे खाली येऊ द्यायचा. सुरुवात जवळून करायची, मग अंतर वाढवत न्यायचं. भिंतीवर खडूने काढलेलं वर्तुळ पुरे. खांदा किंवा कोपर दुखू लागलं तर मात्र थांबायचं.

आणि नेम चुकला तर हसू नका, हसू देऊही नका. “आता थोडी उशिरा सोड,” किंवा “जरा लवकर सोड,” एवढंच सांगा आणि चेंडू पुन्हा तिच्या हातात द्या. मुलांना तो न मागता मिळतो. मुलींनाही तेवढ्याच वेळा मिळू द्या.