अत्तराचा फाया आणि तीस दिवसांचं कुलूप

आमच्या मोहल्ल्यात एक अत्तरवाले चाचा यायचे. पेटी उघडायची, काडीला कापूस गुंडाळायचा, कुपीत बुडवून समोरच्याच्या मनगटावर फिरवायचा. वास आवडला तर कुपी घ्या, नाही तर सलाम. आम्ही पोरं रोज हात पुढे करायचो. तिसऱ्या दिवशी चाचा मनगट धरून म्हणायचे, “बेटा, अब अब्बा को भेज.” चाचांच्या लक्षात चेहरे राहायचे.

सॉफ्टवेअर विकणाऱ्याची अडचण नेमकी इथं आहे. त्यालाही आधी नमुना द्यावा लागतो. पण हात कुणी पुढे केलाय, हे त्याला दिसत नाही.

मी कलाशाखेचा माणूस. माझा भाचा प्रोग्राम लिहितो. त्याच्याकडून जे समजून घेतलं तेच सांगतो.

सुरुवातीला हा व्यवहार इमानावर चाले. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगलमन यांनी ‘पीसी-टॉक’ नावाचा प्रोग्राम लोकांना वाटला. नकला करा, मित्रांना द्या, उपयोगी वाटला तर २५ डॉलर पाठवा, एवढंच मागणं. पुढच्या वर्षी बॉब वॉलेस यांचा ‘पीसी-राइट’ आला आणि ‘शेअरवेअर’ हा शब्द रूढ झाला.

मग कुलपं आली. सर्वांत साधं कुलूप दिवसांचं. प्रोग्राम पहिल्यांदा चालतो ती तारीख तो गुपचूप नोंदवतो आणि तीस दिवसांनी थांबतो. वापरणारा संगणकाचं घड्याळच मागे नेतो! म्हणून प्रोग्राम शेवटच्या वापराची तारीखही लिहू लागला. आज जर कालच्या आधी आला, तर लबाडी उघड. मग लोक प्रोग्राम काढून, त्याच्या खुणा पुसून तो नव्यानं टाकू लागले. म्हणजे टोपी बदलून पुन्हा हात पुढे. त्यावर उपाय म्हणून हार्ड डिस्क, मदरबोर्ड यांच्या क्रमांकांवरून यंत्राचाच चेहरा ओळखायचा आणि तो कंपनीच्या संगणकावर नोंदवायचा. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीनं ही पद्धत घरोघरी नेली.

पैसे भरले की किल्ली मिळते. आकड्या-अक्षरांची एक ओळ. पूर्वी ती बनवण्याचा नियम प्रोग्रामच्याच पोटात असे. चोर तो वाचून हव्या तितक्या किल्ल्या पाडत. आता किल्लीवर गणिती मोहोर असते. मोहोर उमटवायचं साधन कंपनीच्या तिजोरीत, आणि प्रोग्रामकडे फक्त ती पारखायची नजर. किल्ली खोटी बनवणं त्यामुळे फार अवघड झालं. पण चोर किल्लीच्या नादी लागतच नाही. सगळी तपासणी शेवटी ‘हो की नाही’ या एका प्रश्नाशी येते. जाणकार प्रोग्राममधली ती जागा शोधतो आणि उत्तर कायमचं ‘हो’ करून टाकतो. दार त्याच्याच घरात, रात्र सगळी त्याची.

म्हणून भाचा म्हणतो, जे वाचवायचंय ते नमुन्यात घालूच नये. १९९३ मध्ये ‘डूम’ या खेळाचा तीनपैकी पहिला भाग फुकट वाटला गेला. उरलेले दोन त्या प्रतीत नव्हतेच, मग फोडणार काय?

आता माझी गोष्ट. माझ्या एका कवितासंग्रहाची जुळणी डीटीपीच्या दुकानात चालू होती. त्या काळी मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरबरोबर हार्डवेअर लॉक येई. प्रिंटरच्या पोर्टला लावायचा बोटाएवढा तुकडा. तो एक दिवस मेला. दुकानदारानं रीतसर पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर उघडेना. दुसऱ्या फाँटमध्ये माझ्या कविता म्हणजे नुसती रांगोळी. नवं लॉक यायला पंधरा दिवस लागणार होते, प्रकाशन आठवड्यावर. शेजारच्या दुकानात त्याच सॉफ्टवेअरची चोरीची प्रत बिनलॉकची, मजेत चालली होती. मी फ्लॉपी घेऊन तिथं गेलो. माझ्या कविता मानधनाशिवाय छापणाऱ्यांवर मी आजही चिडतो. पण ते पुस्तक चोरीच्या प्रतीवर पुरं झालं, हेही खरं.

कायदा आहेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला कैदेची तरतूद आहे. २०१२ मध्ये असं संरक्षण फोडणंही गुन्हा ठरलं. पण कुलूप प्रामाणिक गिऱ्हाइकाला छळू लागलं, की तोच चोराचं दार ठोठावतो. ‘विनरार’वाल्यांनी दुसरं टोक गाठलंय: मुदत ४० दिवसांची, पण नंतरही प्रोग्राम चालतो, फक्त आठवण करून देत राहतो.

भाच्यानं दुकानदारांसाठी बिलांचा प्रोग्राम केलाय. दिवस तो मोजतच नाही. आठवड्यातून एकदा संगणक लावणाऱ्याला तीस दिवसांत काय कळणार? २०० बिलं फुकट. दोनशे एकावं काढायचं तर किल्ली हवी. “आणि आधीची?” मी विचारलं. “मामू, ती त्याची बिलं आहेत,” तो म्हणाला. “कधीही उघडा, छापा. त्यांना कुलूप नाही.”