जंतुदोष आणि पहिला तास

१९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयांत आल्बर्ट अलेक्झांडर नांवाचा एक पोलीस शिपाई मरणोन्मुख पडला होता. चेहऱ्यावर व डोक्यावर गळवें झालेलीं, एक डोळा काढावा लागलेला. फ्लोरी यांच्या सहकाऱ्यांनीं त्यास पेनिसिलीन टोंचलें. चारपांच दिवसांत ताप उतरला, अन्न जाऊं लागलें. पण औषध संपलें. त्याच्या लघवींतून तें पुनः काढून देण्यापर्यंत यत्न झाले. तरी १५ मार्च रोजीं तो दगावला.

आज शहरांतील रुग्णालयांत अशीं औषधें सिद्ध असतात. कमी पडतो तो वेळ. २०१७ या एका वर्षीं जगांत सुमारें १ कोटी १० लक्ष माणसें सेप्सिसनें दगावलीं, असा अंदाज आहे.

सेप्सिस म्हणजे केवळ जंतूंचा हल्ला नव्हे. तो परतविण्याची शरीराची धडपडच अनावर होते आणि मूत्रपिंडें, फुप्फुसें, मेंदू यांस इजा करूं लागते. मूळ कारण साधें असूं शकतें: फुप्फुसाचा दाह, लघवीचा विकार, चिघळलेली जखम.

तें ओळखावें कसें? केवळ तापावर विसंबूं नये. वृद्धांस कित्येकदां ताप येतच नाहीं, उलट अंग गार पडतें. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटास २२ किंवा अधिक होणें, बोलण्यांत भ्रम दिसणें, वरचा रक्तदाब १०० वर किंवा त्याखालीं येणें, लघवी कमी होणें, हीं धोक्याचीं लक्षणें होत. आजारी आजोबा सायंकाळीं बरळूं लागले, तर ‘वयाचें आहे, सकाळीं पाहूं’ असें म्हणूं नये.

२००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, रक्तदाब कोसळल्यावर पहिल्या सहा तासांत औषधास जो एकेक तास उशीर झाला, त्यागणिक जगणाऱ्यांचें प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनीं घटलें. म्हणून अशा रोग्यास तासाभरांत प्रतिजैविक द्यावें, असा २०२१ चा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. शक्यतों आधीं जंतुपरीक्षेसाठीं रक्त घेतात, पण त्यासाठीं औषध खोळंबूं देत नाहींत. रक्तदाब ठीक असून निदान संशयित असेल, तर तपासणीस तीन तासांपर्यंत मुभा आहे. कारण अनावश्यक औषधानें जंतु निर्ढावतात.

याच कारणास्तव घरांतल्या उरलेल्या गोळ्या रोग्यास देऊं नयेत. त्यास तडक रुग्णालयांत न्यावें, लक्षणें केव्हां सुरू झालीं तें सांगावें, आणि निःसंकोच विचारावें, “डॉक्टरसाहेब, हा सेप्सिस तर नाहीं ना?”