उसाचा हिशेब एसएमएसवर: टूलकिट म्हणजे नेमकं काय?

ऊस किती टन भरला, बिल किती निघालं, खताची उधारी किती? साखर कारखान्याच्या सभासदाला एवढं कळलं तरी पुरे असतं. त्यासाठी 1998 मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यातील 70 गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावांतल्या केंद्रांवर कॉम्प्युटर आले. गाजावाजा इंटरनेटचा झाला, काम मात्र मुख्यतः उसाच्या आकड्यांचंच चाललं. त्यात देखभालीचा खर्च वेगळा.

मग मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत कॉम्प्युटरऐवजी मोबाईल वापरून पाहिला. प्रयोगाचं नाव 'वारणा अनवायर्ड'. एसएमएस पाठवायचा, कॉम्प्युटरला जोडलेला एक मोबाईल तो घेणार, सॉफ्टवेअर खात्यात शोधणार आणि उत्तर परत धाडणार.

डेव्हलपरची खरी डोकेदुखी इथेच असते. मोबाईल आणि कॉम्प्युटर जुळवणं, आलेला मेसेज उघडणं, उत्तर पोचवणं, हे सगळं दरवेळी नव्याने लिहायचं तर छोट्या संस्थेला कसं परवडणार? टूलकिटमध्ये हा भाग तयारच असतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने असा एसएमएस टूलकिट डेव्हलपरांसाठी उपलब्धही केला. त्याला फक्त आपला तुकडा जोडायचा. समजा, 'ऊस' असा मेसेज आला तर टनेज काढायचं. उद्या दूध संघाला फॅट कळवायचं असेल तर पाया तोच, तुकडा तेवढा बदलायचा.

काट्यावरची नोंद कॉम्प्युटरवर उशिरा चढली, तर मात्र शेतकऱ्याला जुनाच आकडा मिळतो. ती वेळेत चढवणं कारखान्याच्या ऑफिसचंच काम.