जुन्या पिकअपचं जड स्टिअरिंग

१९६७ ते १९७२ दरम्यानच्या शेव्हरोले सी-१० पिकअप अमेरिकेत आजही हौसेने जपल्या जातात. त्यातल्या अनेकींना साधं स्टिअरिंग आहे. धावत्या गाडीत ते बरं चालतं. पार्किंगमध्ये मात्र खांदे भरून येतात, कारण उभ्या चाकाचं रबर रस्त्यावर घासूनच वळवावं लागतं.

पॉवर स्टिअरिंग बसवायचं म्हणजे स्टिअरिंगचा गिअरबॉक्स बदलायचा आणि इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा तेलाचा पंप जोडायचा. खरी गंमत बॉक्सच्या आत आहे. तिथे एक बारीक पोलादी दांडी असते, टॉर्शन बार. चाक अडलं की ती किंचित पिळली जाते, तेवढ्यानेच झडप उघडते आणि दाबाखालचं तेल पिस्टनच्या योग्य बाजूला धावतं. पीळ सुटला की मदत थांबते. म्हणजे किती जोर हवा, हे चालकाचा हातच ठरवतो! फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने हायड्रॉलिक मदतीची यंत्रणा १९२६ सालीच गाडीत बसवून दाखवली होती. विक्रीच्या मोटारीत ती आली १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पिरियलमधून.

नवा बॉक्स लांब असल्याने स्टिअरिंगचा दांडा बहुधा आखूड करावा लागतो. बॉक्सची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या पिटमन आर्मचे दातेही जुळायला हवेत. या जोडांत मी तडजोड मुळीच करणार नाही. इथला जोड निसटला तर गाडी हातात राहत नाही.

शेवटी तेलात अडकलेली हवा काढण्यासाठी पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवायचं. पंपाच्या टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत तेल भरत राहायचं, मगच इंजिन सुरू करायचं.