विश्लेषण : काळजी की पाळत? किशोरवयीनांना नात्यातला फरक कसा शिकवायचा?

मोरगावच्या थांब्यावरून रोज सकाळी अकरावी-बारावीची मुले-मुली बारामतीची एसटी पकडतात. घराबाहेरचे जग, नवी मैत्री आणि हातातला मोबाइल हे सारे त्यांच्या आयुष्यात एकाच वेळी येते. ‘रात्री अकरा वाजता ऑनलाइन का होतीस?’, ‘पासवर्ड दे, नाहीतर तुझा विश्वासच नाही’ अशा वाक्यांना अनेकदा प्रेमाचीच खूण मानले जाते. छळाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

नात्यातील छळ म्हणजे नेमके काय?

मारहाण झाली तरच छळ, हा गैरसमज आहे. कुणाशी बोलायचे, काय घालायचे हे ठरवणे, सतत ठावठिकाणा विचारणे, मित्रमैत्रिणींपासून तोडणे, चारचौघांत अपमान करणे, ‘सोडून गेलीस तर जीव देईन’ किंवा ‘फोटो सगळ्यांना पाठवीन’ अशी धमकी देणे हाही छळच. तो मुलींना सोसावा लागतो, तसा मुलांनाही. ओळखायची सोपी कसोटी एकच : ‘नाही’ म्हटल्यावर काय होते? निरोगी नात्यात समोरच्याला वाईट वाटते, पण तो थांबतो. छळाच्या नात्यात ‘नाही’ म्हणायचीच भीती वाटते.

बारामतीत काय सुरू झाले?

३० सप्टेंबर २०२४ रोजी बारामतीतील महाविद्यालयाच्या आवारात बारावीतील विद्यार्थ्याचा कोयत्याने खून झाला. तो प्रेमसंबंधांतून झालेला नव्हता. मात्र शाळकरी वयातील राग, सूड आणि शस्त्र यांचा प्रश्न त्याने ऐरणीवर आणला. त्यानंतर काही दिवसांतच तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी बारामतीत ‘शक्ती अभियान’ जाहीर केले. तक्रार पेटी, दूरध्वनी क्रमांक, कक्ष, समाजमाध्यमांवर नजर आणि शाळा-महाविद्यालयांना भेटी अशी त्याची पाच अंगे. पेटीत नाव न लिहिताही तक्रार टाकता येते, हा त्यातला महत्त्वाचा भाग. मात्र पेटीत चिठ्ठी पडते ती त्रास सुरू झाल्यावर. त्याआधीचे काम वर्गातच करावे लागते.

शाळेची जबाबदारी कोणती?

राज्य सरकारने मार्च २०२२ मध्ये शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समिती स्थापन करण्याचा निर्णय घेतला. मुलामुलींसाठी सुरक्षित वातावरण ठेवणे, समुपदेशन आणि बालविवाह रोखणे ही तिची कामे. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेल तरच तिचा उपयोग.

कायदा काय सांगतो?

मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार पाठलाग करणे, संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १८ वर्षांखालील व्यक्तीचे अश्लील छायाचित्र काढणे किंवा पुढे पाठवणे ‘पॉक्सो’ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसते. ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हा बचाव चालत नाही. ‘पॉक्सो’त संमतीचे वय १८ आहे, त्यामुळे दोघे अल्पवयीन असतील तरी शरीरसंबंधांवरून गुन्हा नोंदला जाऊ शकतो. आरोपी अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

मग मुली गप्प का राहतात?

कारण तक्रारीची शिक्षा अनेकदा तिलाच होते. मोबाइल काढून घेतला जातो, कॉलेज बंद होते, स्थळे पाहायला सुरुवात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के महिलांचे लग्न १८ व्या वर्षाआधी झाले होते. बोललो तर शिक्षण तुटेल, ही भीती म्हणूनच खोटी नाही. धमकी देणाऱ्याला ती पुरेपूर माहीत असते. ‘काहीही झाले तरी तुझी शाळा थांबणार नाही’ हे घरच्यांचे एक वाक्य त्या धमकीची धार बोथट करते.

मुलग्यांना काय शिकवायचे?

नकार पचवायला. चित्रपटांनी आणि रील्सनी ‘मागे लागलो की ती हो म्हणते’ हे बिंबवले आहे. नकार म्हणजे अपमान नव्हे, हे कुणी तरी मोठ्याने सांगावे लागते. मुंबईतील महापालिका शाळांत २००८ पासून राबवलेल्या ‘जेम्स’ प्रकल्पात सहावी-सातवीच्या मुलामुलींशी खेळ आणि चर्चेतून समानता व हिंसा यांवर बोलले गेले. मुंबईतच ‘परिवर्तन’ उपक्रमात क्रिकेट प्रशिक्षकांनी मुलांशी हा संवाद साधला. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून नातेसंबंधांचे शिक्षण शाळेत सक्तीचे आहे. गावात हे काम कबड्डीचा प्रशिक्षक, वर्गशिक्षक किंवा थोरला भाऊही करू शकतो.

पालकांनी काय करावे?

पहिला प्रश्न ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ असा नको. आधी पूर्ण ऐकून घ्या. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. धमकी देणाऱ्याला पैसे किंवा आणखी फोटो देऊ नका. परस्पर मारहाण करून ‘मिटवू’ नका. त्यातून सूड वाढतो. मुलगा छळ करतो आहे असे कळले तर ‘वयच तसे आहे’ म्हणून पांघरूण घालू नका.

मदत कुठे मिळेल?

● तातडीची मदत : ११२
● १८ वर्षांखालील मुलांसाठी : १०९८
● महिला हेल्पलाइन : १८१
● फोटो, खाते किंवा ऑनलाइन धमकी : १९३०
● मानसिक आधारासाठी ‘टेलि मानस’ : १४४१६
● शासकीय रुग्णालयांतील ‘मैत्री क्लिनिक’ : १० ते १९ वयोगटासाठी सल्ला व समुपदेशन