मंदावलेल्या हार्ड डिस्कची चौकशी

सोलापूरच्या मागावर उतरणाऱ्या चादरीची नक्षी जॅकार्डच्या छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर नोंदलेली असे, आणि पत्त्यावर नोंद ठेवण्याची तीच युक्ती पुढे संगणकाच्या प्रारंभकाळी माहिती साठविण्याच्या कामी आली, हे ध्यानी घेतले म्हणजे संगणकाच्या स्मृतीचा विषय या नगरीला परका मानण्याचे कारण उरत नाही. पत्त्यांच्या जोडीला हार्ड डिस्क आली ती १९५६ साली. आयबीएमच्या त्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि साऱ्या मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे सामावत.

आजची डिस्क तळहातावर मावते. स्वभाव मात्र तोच. वाचनशीर्ष इष्ट वर्तुळावर पोहोचून हवी ती नोंद फिरत त्याच्याखाली येईपर्यंत सारा कारभार खोळंबतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. सरासरीने अर्धा फेरा धरून त्यात शीर्षाच्या हालचालीचे आठ-दहा मिलिसेकंद मिळविले, तर विखुरलेल्या नोंदी सेकंदाला सत्तर-ऐंशीच हाती लागतात. सलग रचलेली माहिती सेकंदाला शंभर मेगाबाइटच्याही वर देणारी डिस्क अशा वेळी काहीशे किलोबाइटवर येते. एकाच गठ्ठ्यातील कागद भराभर देणारा दप्तरखान्यातील कारकून दर कागदासाठी निराळ्या फडताळाशी धाडला, तर त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.

म्हणून लिनक्सवरील संगणक रेंगाळू लागला, की उपायाआधी तपास हवा, आणि तपासाआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. कारण मंदपणा हा पुष्कळदा डिस्कच्या अखेरीची पूर्वसूचना असतो. मग ‘आयओस्टॅट’ या आज्ञेकडे डिस्कच्या कामाचा विस्तृत तपशील मागावा. डिस्क जवळजवळ बिनकामाची बसलेली दिसत असेल, तर ती निर्दोष समजावी. मागण्यांची रांग लांब असेल, तर ती लावणारा कोण, हे ‘आयओटॉप’ सांगते. रांगेत मोजक्याच मागण्या असूनही प्रत्येकीला शेकडो मिलिसेकंद लागत असतील, तर डिस्क एखादा दुबळा भाग पुनःपुन्हा वाचू पाहत असण्याचा संभव मोठा.

अशा वेळी ‘स्मार्टसीटीएल’कडून डिस्कचा आरोग्यदाखला मागवावा. त्यात बदली दिलेल्या आणि निकालाच्या प्रतीक्षेतील सेक्टरांचे, म्हणजे तबकडीवरील नोंदींच्या लहान कप्प्यांचे, आकडे वाढत असतील, तर डिस्कचा भरवसा संपला. तेथे सारे ठीक असून माहितीच्या ने-आणीतील चुका दाखविणाऱ्या सीआरसी त्रुटी मात्र वाढत असतील, तर दोष बहुधा जोडणीच्या तारेत असतो. ‘डीमेसेज’च्या रोजनाम्यात सहा गिगाबिटांची जोडणी दीड गिगाबिटांवर उतरविल्याची नोंदही कित्येकदा सापडते, आणि अल्प किमतीची केबल बदलताच काम भागते.

डिस्कवर आळ आणणारे आणखीही कोणी असतात. मेमरी अपुरी पडली, की लिनक्स तिच्यातील पाने डिस्कवरील ‘स्वॅप’मध्ये हलविते; ‘व्हीएमस्टॅट’मध्ये ही ये-जा अखंड दिसली, तर डिस्क केवळ दुसऱ्याचे ओझे वाहते आहे. जुन्या रीतीने त्रेसष्टाव्या सेक्टरापासून आखलेले विभाजन ४०९६ बाइटांच्या सेक्टरांच्या नव्या डिस्कवर नेले, तर सीमा जुळत नाहीत आणि लहानशा लेखनासाठीही आधी वाचन करावे लागते. चाचणीतही भुलावण असते: एकदा वाचलेली फाइल लिनक्स मोकळ्या मेमरीत राखून ठेवीत असल्याने दुसऱ्या वाचनाचा वेग डिस्कचा नसतो.

सोलापुरात उन्हाळी पारा चाळिशी ओलांडतो आणि मागांच्या परिसरात हवेतील सुताचे तंतू पंख्यात अडकतात. तेव्हा दाखल्यातील तपमानाकडेही लक्ष असावे, कारण कामकाजाची मर्यादा बहुतेक डिस्कांना साठ अंशांच्या आसपास घालून दिलेली असते.

निदान झाले, की खर्चाचा प्रश्न सोपा होतो. आजारी डिस्क वेळ न दवडता बदलावी. स्वॅपच्या ओझ्यावर मेमरी वाढवावी. आणि डिस्क निरोगी असून काम विखुरलेल्या वाचनाचे असेल, तर प्रणाली फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीवर नेऊन जुनी छायाचित्रे व अभिलेख तबकडीवर ठेवावेत. तिन्ही प्रसंगी पडद्यापुढे बसलेल्या माणसाला जाणवणारा विलंब एकसारखाच असतो, आणि तपास टाळून दुकान गाठणारा बहुधा चुकीची वस्तू विकत घेऊन परततो.