यंत्राचा निवाडा आणि माणसाची कसोटी

हिमप्रदेशातील एका हार्डवेअरच्या दुकानात बर्फ उपसण्याचे फावडे 15 डॉलरला मिळते. एका रात्री जोरदार हिमवृष्टी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार त्याच फावड्याची किंमत 20 डॉलर करतो. त्याचे हे वर्तन रास्त म्हणावे की अन्याय्य? डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या तिघा संशोधकांनी 1980 च्या दशकात कॅनडातील टोरोंटो व व्हँकुव्हर या शहरांतील नागरिकांना दूरध्वनीवरून असे अनेक प्रश्न विचारले आणि 1986 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फावड्याच्या प्रश्नावर 82 टक्के लोकांनी दुकानदाराला दोषी ठरविले.

मागणी वाढली की किंमत वाढते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. लोकांना तो ठाऊक नव्हता असे नाही. याच पाहणीत दुसरा प्रश्न भाजीविक्रेत्याचा होता. घाऊक बाजारात लेट्यूसचा भाव 30 सेंटने चढला आणि विक्रेत्याने ग्राहकाकडून तेवढेच 30 सेंट अधिक घेतले, तर 79 टक्के लोकांना त्यात काही वावगे वाटले नाही. भाववाढ दोन्हीकडे होती. एका ठिकाणी विक्रेत्याने वाढलेला खर्च वसूल केला, तर दुसऱ्या ठिकाणी ग्राहकाच्या अडचणीचे भांडवल केले. लोकांनी हा फरक अचूक हेरला.

सर्वसामान्य माणूस व्यवहाराकडे पाहताना न्यायाचा एक तराजू मनात बाळगून असतो, हे या संशोधनाने दाखवून दिले. नवे तंत्रज्ञान दारात आले की तोही त्याच तराजूत तोलला जातो. मुसळधार पावसात अडकलेल्या प्रवाशाला मोबाइलवरील टॅक्सीसेवा दुप्पट भाडे दाखवते, तेव्हा त्याच्या मनात उठणारा राग मोबाइलवर नसतो. तो फावड्याच्या किमतीवरचाच राग असतो.

यंत्राची ओढ कशासाठी?

यंत्राविषयी समाजाच्या मनात केवळ भीती असते, हा समज अपुरा आहे. यंत्राला चेहरा ओळखता येत नाही. ते वशिला मानीत नाही, जात विचारीत नाही आणि साहेबांचा भाचा कोण हेही त्याला कळत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी आधुनिक नोकरशाहीचे वैशिष्ट्य सांगताना हेच म्हटले होते, की व्यक्ती कोण आहे हे न पाहता नियमानुसार काम करणे हा तिचा गाभा आहे. संगणक हा या विचाराचा पुढचा टप्पा मानता येईल. जेनिफर लॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2019 मधील प्रयोगांत, अंदाज बांधण्याच्या कामी लोकांनी माणसाच्या सल्ल्यापेक्षा अल्गोरिदमच्या, म्हणजे संगणकाला घालून दिलेल्या गणनपद्धतीच्या, सल्ल्याला अधिक वजन दिल्याचे आढळले.

भारतीय बँकांचा अनुभवही याला जुळणारा आहे. संगणक येऊ घातले तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडवा विरोध केला. त्या विरोधाच्या मुळाशी यंत्राचा तिटकारा नव्हता. यंत्रामुळे होणाऱ्या बचतीचा लाभ कोणाला आणि त्याची झळ कोणाला, हा प्रश्न होता. 1983 मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. त्यापाठोपाठ 1984 मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल दिला. ज्यांच्यावर परिणाम होणार होता त्यांच्याशी बोलणी झाली, म्हणून वाट मोकळी झाली.

निकालाइतकीच रीत महत्त्वाची

ही बोलणी इतकी महत्त्वाची का ठरतात, याचे उत्तर प्रक्रियात्मक न्यायाच्या संशोधनात मिळते. मानसशास्त्रज्ञ जॉन थिबो आणि कायदेतज्ज्ञ लॉरेन्स वॉकर यांनी 1975 मध्ये या अभ्यासाचा पाया घातला. पुढे टॉम टायलर यांनी 1984 मध्ये शिकागोतील 1575 नागरिकांच्या मुलाखती घेऊन पोलीस व न्यायालये यांच्याविषयीचा त्यांचा अनुभव जाणून घेतला. निकाल आपल्या बाजूने लागला की विरुद्ध, यापेक्षा आपल्याशी कोणत्या रीतीने वागण्यात आले, यावर लोकांचा विश्वास अधिक अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. आपले म्हणणे ऐकून घेतले गेले का, निर्णय देणारा निःपक्षपाती होता का, त्याने आपला मान राखला का, हे प्रश्न लोकांच्या मनात अग्रभागी होते. न्यायाधीशाने शांतपणे ऐकून घेतले आणि कारण सांगितले, तर हरलेला माणूसही तो निकाल पचवू शकतो. एक शब्दही न ऐकता त्याला घालवून दिले, तर तोच निकाल त्याला आयुष्यभर सलत राहतो.

यंत्राच्या निवाड्यात नेमकी हीच बाजू लंगडी पडते. नेदरलँड्समध्ये त्याची फार मोठी किंमत हजारो कुटुंबांना मोजावी लागली.

नेदरलँड्समधील शोकांतिका

नोकरी करणाऱ्या आईवडिलांना पाळणाघराच्या खर्चासाठी तेथील सरकार भत्ता देते. हा भत्ता लाटला जाऊ नये म्हणून करखात्याने 2013 पासून एक स्वयंशिक्षित संगणकप्रणाली वापरली. प्रत्येक अर्जाला ती धोक्याचे गुण देई. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही त्या गुणांकनातील एक निकष होता. गुण जास्त आले की प्रकरण तपासणीसाठी अधिकाऱ्याच्या टेबलावर जाई. मात्र ते गुण का आले, हे त्या अधिकाऱ्यालाही कळत नसे. सर्वच प्रकरणे संगणकाने निवडली होती असे नाही. कायद्याची कठोर अंमलबजावणी आणि संशयाने पछाडलेले प्रशासन यांचा वाटाही मोठा होता. अर्जात एखादी सही राहिली किंवा हिशेबात किरकोळ चूक निघाली, तरी मिळालेला सगळा भत्ता परत करण्याची नोटीस येई. ही रक्कम अनेकदा हजारो युरोंच्या घरात जाई.

आपले काय चुकले, हे विचारणाऱ्या पालकांना उत्तर मिळत नसे. कुटुंबे कर्जात बुडाली, घरे गेली, संसार मोडले. डिसेंबर 2020 मध्ये संसदीय चौकशी समितीने आपल्या अहवालाला ‘अभूतपूर्व अन्याय’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. 15 जानेवारी 2021 रोजी पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नागरिकांच्या राष्ट्रीयत्वाची माहिती बेकायदा वापरल्याबद्दल देशाच्या विदासंरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर 2021 मध्ये करखात्याला 27.5 लाख युरोंचा दंड केला.

इंग्लंडमधील घटना यापेक्षा सौम्य, पण तितकीच बोलकी आहे. 2020 मध्ये महामारीमुळे परीक्षा रद्द झाल्या. तेव्हा परीक्षा नियामक संस्थेने शाळेचा पूर्वीचा निकाल आधाराला घेऊन विद्यार्थ्यांच्या श्रेणी ठरविणारे सूत्र वापरले. 13 ऑगस्ट रोजी ए लेव्हलचे निकाल लागले, तेव्हा शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपैकी सुमारे 39 टक्के श्रेणी खाली आल्या होत्या. एकूण देशाचा निकाल मागील वर्षांशी जुळत होता, त्यामुळे संख्याशास्त्राच्या दृष्टीने हिशेब ठीक होता. पण ज्या शाळेचा निकाल आजवर कमी लागत आला, तेथील हुशार मुलीला तिच्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या गुणांची शिक्षा भोगावी लागली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चार दिवसांत, 17 ऑगस्टला, सरकारने ते सूत्र मागे घेतले. सरासरी बरोबर असली तरी एका व्यक्तीवर अन्याय होऊ शकतो, हे सत्य त्या मुलांनी मोठ्यांना शिकविले.

यंत्राची चूक जड का वाटते?

चूक तर माणूसही करतो. मग यंत्राची चूक अधिक का बोचते? बर्कली डिट्वोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हा प्रश्न हाताळला. माणूस आणि अल्गोरिदम दोघेही चुकताना दिसले, तर लोकांचा अल्गोरिदमवरील विश्वास अधिक झटपट उडतो. एकूण कामगिरी त्याची सरस असली तरीही हेच घडते, असे त्यांना आढळले. 2018 मधील त्यांचा पुढचा प्रयोग अधिक आशादायक आहे. यंत्राच्या अंदाजात थोडासा बदल करण्याची मुभा मिळाली, की लोक तेच अपूर्ण यंत्र आनंदाने वापरू लागले. बदल किती करता येतो याला फारसे महत्त्व नव्हते. आपला हात तेथवर पोहोचतो, एवढी खात्री त्यांना पुरेशी होती.

मिन क्यंग ली यांनी त्याच वर्षी आणखी एक भेद दाखविला. कामाच्या पाळ्या लावण्यासारखे हिशेबी काम यंत्राने केले काय किंवा माणसाने केले काय, लोकांना ते सारखेच न्याय्य वाटले. उमेदवाराची निवड आणि कामाचे मूल्यमापन यंत्राकडे सोपविलेले मात्र त्यांना अन्याय्य वाटले. माणसाची पारख माणसानेच करावी, अशी ही धारणा आहे.

नीती सर्वत्र एकसारखी नाही

निर्णय न्याय्य कशाला म्हणावे याविषयीच लोकांचे एकमत नसेल तर काय करायचे, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने चालविलेल्या ‘मॉरल मशीन’ या प्रयोगात चालकरहित मोटारीचा एक पेच लोकांपुढे मांडला होता. अपघात टळत नसेल तर मोटारीने कोणाला वाचवावे? दहा भाषांतून, 233 देश व प्रदेशांतून सुमारे 4 कोटी निर्णय गोळा झाले आणि 2018 मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. प्राण्यांपेक्षा माणसे आणि थोड्यांपेक्षा अधिक जण वाचावेत, याकडे सर्वत्र कल होता. वृद्धांपेक्षा तरुणांना झुकते माप देण्याची वृत्ती मात्र आशियातील अनेक देशांत बरीच क्षीण होती. जर्मनीच्या नीतिविषयक आयोगाने तर 2017 मध्येच स्पष्ट केले होते, की अटळ अपघाताच्या प्रसंगी वय किंवा लिंग यांवरून भेद करता कामा नये.

परिणामांविषयी असे मतभेद राहणारच. म्हणूनच रीतीविषयीचा आग्रह अधिक मोलाचा ठरतो. युरोपीय संघात 2018 पासून लागू असलेल्या विदासंरक्षण नियमांनी केवळ यंत्राने घेतलेल्या गंभीर निर्णयाविरुद्ध नागरिकाला संरक्षण दिले आहे. आपले म्हणणे मांडण्याचा, माणसाकडून फेरविचार करून घेण्याचा आणि निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क त्यात आहे.

आपल्या हाती काय आहे?

भारतात ही वाट अगदीच अनोळखी नाही. रिझर्व्ह बँकेने 2003 मध्ये कर्ज देणाऱ्या बँकांसाठी रास्त व्यवहारसंहिता घालून दिली. 2 लाख रुपयांपर्यंतच्या लहान कर्जदाराचा अर्ज नाकारल्यास त्याचे कारण लेखी कळवावे, असे तिने तेव्हाच सांगितले आणि पुढे ही अपेक्षा सर्व कर्जांना लागू केली. आज कर्जाचा अर्ज पुष्कळदा संगणकच वाचतो आणि पतगुणांवरून आपले मत बनवितो. त्यामुळे हा जुना नियम आता अधिक कामाचा झाला आहे.

पतगुणांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळविण्याची सोय 2017 पासून आहे. त्यात फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल किंवा दुसऱ्याचेच खाते आपल्या नावावर चढले असेल, तर लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत तिचे निवारण झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. व्यक्तिगत माहितीत दुरुस्ती मागण्याची तरतूद 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदासंरक्षण कायद्यातही करण्यात आली आहे.

अनेक घरांत आज वडीलधारी मंडळी मोबाइलवर आलेला नकार मुकाट्याने स्वीकारतात. यंत्राने सांगितले म्हणजे ते बरोबरच असणार, असे त्यांना वाटते. अशा वेळी घरातील तरुणांनी त्यांच्या शेजारी बसावे, नकाराचे कारण लेखी मागावे, नोंद तपासावी आणि चूक आढळल्यास ती दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करावा. नेदरलँड्समधील पालकांनी वर्षानुवर्षे विचारलेला प्रश्न इतकाच होता, की आमचे चुकले काय? तो प्रश्न विचारण्याची सवय आपल्या घरात आधीच लागलेली बरी.